लेकराचा डोळा चुकवून

आमच्या घरी चार माणसं जमली की माझा विषय निघतोच. मी गॅसवर दूध ठेवून शेजारी गेले आणि पातेलं कसं जळून काळं पडलं, बारावीच्या पहिल्या पेपरला हॉलतिकीट घरीच ठेवून केंद्रावर कशी पोचले, स्वतःच्याच साखरपुड्याचं ब्लाउज शिंप्याकडे कसं राहिलं आणि मोठ्या बहिणीचं घालून, मागून टाचण्या लावून कशी बसले, हे सगळं माझी आई हातवारे करून सांगते. धाकटा भाऊ दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो. मीही हसायची, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. गेल्या मे महिन्यात अकोल्याला जे झालं, त्यानंतर मी हसणं बंद केलं आहे. घरच्यांना ते आवडलेलं नाही.

मी अमरावतीला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. एवढी विसरभोळी बाई नर्स कशी झाली, असं लोक विचारतात. चिकटपट्टीच्या जोरावर झाले. सलाइनची सुई हलू नये म्हणून जी पांढरी कागदी पट्टी लावतात, तिचा तुकडा आम्ही सगळ्याच जणी अंगावरच्या एप्रनला चिकटवतो आणि त्यावर कुणाचा ताप किती, कुणाचं इंजेक्शन किती वाजता, हे पेनानं लिहून ठेवतो. बाकीच्यांची एक पट्टी असते. माझ्या खांद्यापासून खिशापर्यंत पट्ट्याच पट्ट्या असतात. झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मी पुढच्या पलंगाकडे जात नाही. बारा वर्षांत माझ्या हातून एक डोस चुकलेला नाही.

घरी आलं की मात्र तीच पट्टी फ्रिजवर, आरशावर, नवऱ्याच्या डब्याच्या झाकणावर लावावी लागते. इतरांचं एक काम संपलं की हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. माझा जात नाही. कामाला कुठून सुरुवात करायची तेच मला उमगत नाही, सुरू केलं की थांबायचं कळत नाही, आणि मध्येच कुणी हाक मारली तर हातात काय होतं ते डोक्यातून साफ निघून जातं. धांदरट, बावळट, आळशी, बिनडोक असे सगळे शब्द मी ऐकले, आणि ते खरे आहेत असं समजून पस्तिशी ओलांडली. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

आता मूळ गोष्ट सांगते. ती आमच्या घरात कुणी लपवलेली नाही. उलट कौतुकानं सांगतात.

आमचं घर तिवस्याचं. माझी मावशी, म्हणजे आईची सख्खी बहीण, अकोल्याला जठारपेठेत राहायची. तिचे यजमान सरकारी नोकरीत होते. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली. मग कुणी तरी सुचवलं की ज्या घरी लेकरं होतात त्या घरचं एक लेकरू आणून ठेवा, त्याच्या पायगुणानं तुमचीही कूस उजवेल. मी दीड वर्षाची होते, नुकतीच चालायला लागलेली, गुटगुटीत आणि हसरी. माझाच पायगुण चांगला असं ठरलं. मला मावशीच्या ओटीत घातलं.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नेऊन नदीत सोडले. आमच्याकडे उपास नाहीत, नवस नाहीत, मुहूर्त नाहीत, आणि ह्याचा आम्हाला भारी अभिमान आहे. मग हा पायगुण तेवढा कुठून वाचला? त्याला नदी का दाखवली नाही कुणी? मी हे आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बहिनीसाठी केलं. त्यात देवाचं काय आलं?"

साडेतीन वर्षं मी मावशीकडे होते. मावशीला मी आई म्हणायची. तिनं मला जीव लावला हे मला सांगितलंच पाहिजे, नाही तर अन्याय होईल. ती मला पावडर लावून, दोन शेंड्या घालून बालवाडीत सोडायची. तिच्या पदराला हिंगाचा वास यायचा. तो वास कुठं आला की मी आजही हातातलं काम सोडून मागं वळून बघते. मग मावशीला मुलगा झाला. अख्ख्या नात्यात माझ्या पायगुणाचा बोलबाला झाला. आणि तो सहा महिन्यांचा झाल्यावर मला तिवस्याला परत आणून सोडलं, कारण माझं काम झालं होतं.

परत आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. आईच्या मांडीवर दोन वर्षांचा एक मुलगा बसलेला होता. तो माझा भाऊ. मी नसताना झालेला. जिला मी मावशी समजत होते ती म्हणाली, मीच तुझी आई, आणि जी आई होती ती आता मावशी. एवढा हिशेब मोठ्या माणसाच्याही डोक्यात बसायला वेळ लागेल. मला तो एका दुपारीत बसवायला सांगितला.

दोन्ही वेळा मी झोपलेली होते, असं घरचे सांगतात. नेतानाही आणि आणतानाही. ही आमच्याकडची रीतच आहे. लहान लेकराला कुठं ठेवून निघायचं असलं की त्याला खेळण्यात गुंतवायचं, नाही तर झोपवायचं, आणि डोळा चुकवून निघायचं. त्याच्यासमोर गेलं तर ते रडतं, आणि ते रडलं की आपला पाय निघत नाही. आपण मराठी माणसं दाराबाहेर पडताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. दुकानदारालाही म्हणतो, दूधवाल्यालाही म्हणतो. ज्याला त्या शब्दाची सगळ्यात जास्त गरज असते, त्या लेकराला मात्र तो ऐकवत नाही. आई मला नेहमी सांगायची, "तुले कायी समजलंच नाई. तू झोपली होती. उठली, थोडंसं इकडं तिकडं पायलं, अन् खेळाले लागली." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर फार मोठा दिलासा असायचा.

मी खेळायला लागले असेन. पण त्यानंतर मी दाराकडे पाठ करून कधी बसले नाही. शाळेत मास्तर फळ्यावर गणित लिहायचे आणि मी दाराकडे बघायची. दारातून कोण गेलं, कोण आलं, कुणाच्या चपला बाहेर आहेत, कुणाच्या नाहीत, हे मला पाठ असायचं. फळ्यावरची दुसरी ओळ वहीत उतरवेपर्यंत पहिली डोक्यातून गेलेली असायची. छडी खाल्ली. डबा हरवला म्हणून मार खाल्ला, छत्री हरवली म्हणून खाल्ला. आई शेजारणीकडे वाटी घेऊन गेली तरी मी मागं जायची, आणि मग भाजीखालचा गॅस कुणी बघायचा, म्हणून पुन्हा मार. लक्ष नाही हिचं, असं प्रत्येक प्रगतिपुस्तकात लिहिलेलं आहे. माझं लक्ष होतं. दिवसभर होतं, डोळे दुखेपर्यंत होतं, फक्त ते दारावर होतं.

हे मला कळलं ते तीनेक वर्षांपूर्वी, दवाखान्यातल्या एका प्रशिक्षणात. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई बोलत होत्या. मी शेवटच्या रांगेत चहा घेऊन बसले होते, नेहमीसारखी दाराजवळ. त्या म्हणाल्या की लहान मूल आधी एका माणसावर भरवसा ठेवायला शिकतं. तो भरवसा असला की त्याचं डोकं मोकळं राहतं, आणि मग ते थांबायला शिकतं, एक गोष्ट मनात धरून दुसरी करायला शिकतं, सुरू केलेलं पुरं करायला शिकतं. हे सगळं आधी कुणाच्या तरी मांडीवर बसून तयार होतं, शाळा नंतर येते. आणि ज्या मुलाची माणसं न सांगता बदलतात, त्याचं डोकं पहारा देण्यातच खर्च होतं. अशा मुलाला शिक्षा देऊ नका, त्याला सांगून जा आणि सांगितल्या वेळी परत या, एवढं त्या दहा वेळा म्हणाल्या. बाकीच्या मुली वहीत लिहीत होत्या. माझा चहा गार झाला आणि मला भयंकर राग आला.

तेव्हापासून वॉर्डात मी एक नियम केला. आईबापांना चहाला, अंघोळीला, औषध आणायला जायचं असेल तर लेकराला सांगून जायचं. लेकरू रडलं तर रडू दे, मी आहे. बरोबरच्या नर्सेस वैतागतात, कारण रडणारं लेकरू त्यांच्याही वाट्याला येतं. पण त्याची आई वीस मिनिटांनी परत येते, आणि दुसऱ्या दिवशी तेच लेकरू कमी रडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता गेल्या मे महिन्याचं.

माझ्या भावाला अडीच वर्षांची मुलगी आहे. तिच्या पाठीवर चार महिन्यांचा मुलगा. तो, त्याची बायको आणि आई तिवस्यालाच राहतात. आणि मावशीचा तो मुलगा, ज्याच्यासाठी माझा पायगुण वापरला होता, त्याच्या लग्नाला आता पाच वर्षं झाली आहेत. त्याला मूल नाही.

आईचा फोन आला. "रविवारी अकोल्याले ये. पोट्टीले मावशीपाशी ठेवाचं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी पलंगावर बसले. आई पुढं बोलत होती, "तुह्या भावाची बायको रडून रायली. तूच येऊन समजाव तिले. तुले ठेवलं होतं, तुले काय झालं? चांगली नर्स झाली. आपल्या घरच्या पोरीईचा पायगुनच चांगला हाय."

म्हणजे मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. मी फोनवरच ओरडले, नाही म्हणाले, काय वाटेल ते बोलले. आई म्हणाली, "आता ठरलं हाय," आणि फोन ठेवला. भावाला केला तर तो म्हणाला, "ताई, थोड्याच दिवसाचं हाय. मोठ्या लोकाईनं ठरवलं, मी काय बोलू?" चौतीस वर्षांचा बाप माणूस, आणि मी काय बोलू म्हणतो.

शनिवारी मी बसून मुद्दे काढले. पाच मुद्दे. मला माझं डोकं माहीत आहे, भांडणात ते ऐन वेळी रिकामं होतं. रविवारी सकाळी अकोल्याची बस धरण्याआधी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पट्टी लावली आणि त्यावर बारीक अक्षरात पाचही मुद्दे लिहिले.

मावशीच्या घरी रस-पोळीचं जेवण होतं. तेच घर, रंग नवा. बैठकीच्या खोलीत मोठा कूलर धाडधाड चालला होता. मावशी आता सत्तरीची आहे, गुडघे गेलेत, दिवाणावरच असते. भावाची मुलगी तिच्या पायाशी बसून आंब्याची कोय चोखत होती आणि दर थोड्या वेळानं मान वर करून आपल्या आईकडे बघत होती. आई दिसली की पुन्हा कोय. मागच्या खोलीत तिच्यासाठी गुलाबी सायकल आणून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात ताटं ठेवायला गेले तेव्हा मावशीची सून भांडी घासत होती. तिला वाटलं मीही त्यांच्याच बाजूची. मान खाली घालूनच म्हणाली, "ताई, आमची ट्रीटमेंट सुरू हाय. हे पोरगी आनाचं मले कोनी इचारलंच नाई."

जेवणं झाल्यावर आईनं विषय काढला. भावाची बायको तान्ह्याला घेऊन भिंतीशी बसली होती, डोळे सुजलेले. मावशी तिला म्हणाली, "अवं, हिलेच इचार ना. साडेतीन वर्स माह्यापाशी होती. काय झालं हिले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "सांगते. काय झालं ते सांगते." आणि मनगट बघितलं. पट्टी होती, पण रस खाऊन हात धुतले होते आणि शाई पसरून निळा डाग झाला होता. मी डॉक्टरीण बाईंच्या भाषणापासून सुरुवात केली, मधेच शाळेतल्या डब्यावर गेले, तिथून दारावर, मग भरवसा हा शब्द दोनदा म्हणाले आणि पुढचं सगळं गेलं. मी उभीच राहिले.

भाऊ हसला. "ताई इसरली! ताई, पातेल्याचं सांग." मावसभाऊ हसला, आई हसली, मावशीही पदर तोंडाला लावून हसली.

मग माझ्या डोक्यात जे काही शिल्लक होतं ते एकदम बाहेर आलं. मी म्हणाले, "हो, पातेल्याचंच सांगते. हॉलतिकिटाचं सांगते, ब्लाउजचं सांगते. मले काय झालं, मले काय झालं, इचारून रायले ना? तीस वर्सं झाली, मले काय झालं तेच तुमी सांगून रायले, अन् हसून रायले. माह्यापेक्षा तुमालेच जास्त पाठ हाय. तिसरीत असतानी माय दळन आनाले गेली तं मी गिरनीपर्यंत मागं पयाली, पायात चप्पल नाही, मे महिन्यात. त्याच्यावरही हसले तुमी."

भावाचं हसू थांबलं. मला वाटलं, झालं. पण आई म्हणाली, "तसे तं सगळेच पोट्टे इसरतेत," आणि मावशीनं डोळ्याला पदर लावला. "म्या तुले काय कमी केलं होतं वं?"

"कायीच नाही," मी म्हणाले. "मंग परत काहून पाठवलं?"

"तुह्या मायचं लेकरू होतं. तिचं तिले देल्लं."

त्या बाईला खरोखर वाटत होतं की तिनं वस्तू नीट परत केली. मी खाली बसले. मी हरले होते आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं होतं. भावाच्या बायकोनं मान फिरवली.

तीनच्या सुमाराला निघायची तयारी सुरू झाली. मला ती तयारी कुणी शिकवायला नको. मावसभाऊ मुलीला मागच्या खोलीत सायकल दाखवायला घेऊन गेला. आईनं मधलं दार ओढून घेतलं. कूलर मोठ्यावर केला, म्हणजे बाहेर गाडी सुरू झालेली आत कळणार नाही. भाऊ पिशव्या घेऊन पुढं गेला. आणि आई भावाच्या बायकोला हळूच म्हणाली, "चपला हातात घे. बाहेर गेल्यावर घाल."

तिनं घेतल्या. एका हातात तान्हं, दुसऱ्या हातात चपला, आणि ती अनवाणी, पावलं चोरत दाराकडे निघाली. तिचे खांदे हलत होते. माझ्या आईनं तिचा दंड धरला होता, आणि ज्या सराईतपणानं धरला होता ते बघून मला कळलं की ही बाई हे सगळं कधीकाळी स्वतःच्या पायांनी करून बसली आहे.

मी मधलं दार उघडलं. मुलगी सायकलच्या सीटवर बसली होती, पण तिचं तोंड दाराकडेच होतं. मी म्हणाले, "चाल, तुही माय चालली. तिले भेटून घे." मावसभाऊ म्हणाला, "ताई, काय करून रायली?" मी मुलीला कडेवर घेतलं, बैठकीतून चालत पुढच्या दारापर्यंत नेलं आणि तिच्या आईसमोर उभी केली.

"आता सांग हिले," मी म्हणाले. माझा आवाज चढलेला होता, पण ह्या वेळी मला एकही मुद्दा आठवायची गरज नव्हती. "मी जातो, तू इथंच राह्य, मी कधी येईन ते मले माहीत नाही, असं तिच्या तोंडाकडे पाहून सांग. मंग खुशाल जा. मी अडवत नाही."

आई मागून माझा हात ओढत होती. "येडी झाली काय? रडन ना ते!"

"रडू दे. सांग तू."

भावाची बायको मुलीकडे बघत राहिली. मुलीनं आईच्या हातातल्या चपला पाहिल्या. मग तिनं इकडं तिकडं बघितलं, कोपऱ्यात जाऊन आपले बूट शोधले, फरशीवर फतकल मारून बसली आणि उजवा बूट डाव्या पायात घालायला लागली. घाईनं, जीभ बाहेर काढून. तिच्या आईनं अजून तोंडही उघडलं नव्हतं. तिला सगळं कळलं होतं. बूट जाईना तसं ती वर बघून म्हणाली, "थांब हं. मी येऊन लायली."

भावाच्या बायकोच्या हातातून चपला खाली पडल्या. तिनं तान्ह्याला माझ्याकडे दिलं, खाली बसली, मुलीचे बूट काढले आणि नीट घालून दिले. सावकाश, दोन्ही. मग उठून कुणाकडेही न बघता म्हणाली, "मी नाही ठेवत."

पुढं जे व्हायचं ते झालं. मावशी रडली. आई म्हणाली, मी घर फोडलं. भाऊ पुटपुटला, पण गाडीचं दार त्यानंच उघडलं. मावशीच्या सुनेनं मुलीची पिशवी आणून दिली, वर चार आंबे ठेवले, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. मावसभाऊ मागच्या खोलीतून बाहेरच आला नाही. त्याचंही वाईट वाटतं मला. त्याला बाप व्हायचं आहे, ह्यात त्याचा काय गुन्हा? पण पोरगी म्हणजे औषधाची गोळी नव्हे.

आई त्या गाडीत बसायला तयार झाली नाही. म्हणून मी आणि ती अमरावतीच्या बसनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी खाली उतरून पाणी घेतलं. उतरताना म्हणाले, "येते, पाच मिनिटांत." तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. मी परत येऊन बसले तरी बघतच होती.

बस सुटल्यावर म्हणाली, "त्या पोट्टीले झोपू देल्लं असतं तं कायीच झालं नसतं. तिले समजलंच नसतं. तू नाई का झोपली होती?"

पाणी पिता पिता मी थांबले. दीड वर्षाची असतानाचं मला काही सांगता येत नाही. पण पाच वर्षांची असतानाची ती दुपार मला आठवते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिवस्याच्या घरातली फरशी, ओला पडदा, मावशीचा हात माझ्या पाठीवर. मग तो हात थांबला. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं त्या वर दंडाकडे सरकवल्या, तो बारीकसा आवाज. माझी आई कुजबुजली, झोपली, जा आता. आणि मग उंबऱ्यावर अनवाणी पावलं.

"मी झोपली नव्हती," मी म्हणाले.

आईनं पाण्याची बाटली माझ्या हातातून घेतली, पण उघडली नाही. तिचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. मग म्हणाली, "मंग रडली काहून नाई? उठली काहून नाई?"

"मावशीनं सांगतलं होतं, डोये झाक, मी सांगन तवाच उघड. मी पक्के झाकले होते. मंग कोनी सांगतलंच नाई."